पावसाची वही आणि पदवीचा अर्ज

पाऊस किती स्थानिक असू शकतो, याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला २६ जुलै २००५ चा आहे. २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत, त्याच शहरात, कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. मुंबईत फक्त कुलाब्याची वेधशाळा असती, तर तो दिवस सरकारी दप्तरात जुलैमधल्या इतर मुसळधार दिवसांसारखाच राहिला असता.

सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात असा फरक दरवर्षीचाच आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि पसरणी घाट उतरून वाईत आले की हजाराच्याही आत. एका सकाळच्या प्रवासात ओल्या जंगलापासून जवळजवळ कोरडवाहू शेतीपर्यंत पोहोचता येते. या पट्ट्यात घरच्या घरी पाऊस मोजणाऱ्याच्या नोंदीला त्यामुळे मोल आहे. ते मोल नेमके किती, आणि असा छंद असलेल्या विद्यार्थ्याने बारावीनंतर काय शिकावे, यावर मात्र दोन मते आहेत. इथे ती दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. एक वाईतली, बारावी विज्ञान शाखेतली, परसात पाऊस मोजणारी मुलगी. दुसरी पुण्यात महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारी तिची आत्या.

पर्जन्यमापक हे हवामानशास्त्रातले सर्वांत साधे उपकरण. १६ सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचे तोंड साधारण २०० चौरस सेंटिमीटरचे भरते. त्यातून खालच्या बाटलीत २० मिलिलिटर पाणी साठले की एक मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे दोन लिटरच्या बाटलीत १०० मिलिमीटर मावतात. वाईला तेवढी बाटली सहसा पुरते. महाबळेश्वरला जुलैत ती मध्यरात्रीच भरून वाहू लागेल. भाचीचे उपकरण असेच घरगुती आहे आणि वादाला तोंड तिथेच फुटते.

“पाणी मोजायला पदवी कशाला हवी, आत्या? नरसाळं, बाटली आणि मोजपात्र, एवढ्यावर काम होतं.”

“नरसाळं ठेवलंयस कुठे?”

“आधी गच्चीवर होतं. वारा सुटला की पाणी कमी भरायचं, म्हणून परसात आणलं. आता जमिनीपासून हातभर उंचीवर आहे.”

“आणि शेजारचा नारळ?”

“तो आहे. पण थोडा लांब आहे.”

“थोडा म्हणजे किती ते मोज. झाड बारा मीटर उंच असेल, तर मापक त्याच्यापासून निदान चोवीस मीटर दूर हवं. नाहीतर तू पाऊस मोजत नाहीस, नारळाच्या झावळ्यांनी किती अडवला ते मोजतेस.”

आत्याचा मुद्दा जागेचा आहे. मापकाच्या कडेवर वारा आदळला की तो वर उसळतो आणि बारीक थेंब तोंडावरून पलीकडे उडून जातात. उंची वाढते तसा वाराही वाढतो. म्हणून भारतातल्या प्रमाण मापकाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवतात. तापमापकाचीही तीच तऱ्हा. तो भिंतीला टांगला तर भिंतीची ऊब दाखवतो आणि उन्हात ठेवला तर स्वतःच तापतो. त्यासाठी पांढरा रंग दिलेली, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी लागते. तापमापक तिच्यात माणसाच्या छातीच्या उंचीवर असतात आणि ऊन आत येऊ नये म्हणून तिचे दार उत्तरेला उघडते. स्टीव्हन्सन पेटी म्हणतात ती हीच. मोबाइलवर दिसणारे “तुमच्या गावाचे तापमान” बहुतेक वेळा अशा कुठल्याही पेटीतून येत नाही. ते संगणकी प्रारूपाने काढलेले अनुमान असते आणि डोंगरउतारावरच्या गावाबाबत ते बरेच चुकू शकते.

दुसरी अट वेळेची. हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर मांडते. १४ तारखेच्या संध्याकाळी कोसळलेला वळीव १५ तारखेच्या रकान्यात दिसतो. घरी मोजणाऱ्याने आपल्या सोयीची वेळ धरली, तर त्याचे आकडे शेजारच्या केंद्राशी जुळवताच येत नाहीत. तिसरी अट शून्याची. पाऊस पडला नाही तर ०.० लिहायचे, मापक पाहिलेच नाही तर रकाना मोकळा सोडायचा. हौशी वह्यांत हे दोन्ही बहुधा सारखेच दिसते आणि पुढे कोरडे दिवस मोजताना वही निकामी ठरते. खात्याच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’, त्यामुळे छोट्या आकड्यांचीही हेळसांड परवडत नाही.

“हे सगळं मी करते,” भाची म्हणते. “आणि ते करायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. ल्यूक हॉवर्डचा धंदा औषधं बनवण्याचा होता. १८०२ साली त्याने ढगांचे प्रकार पाडून त्यांना नावं दिली, ती अजून चालतात. इंग्लंडच्या सायमन्सने १८६० मध्ये पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांचं जाळं उभं केलं. तो १९०० साली वारला तेव्हा तीन हजारांवर माणसं त्याला नोंदी पाठवत होती. त्यात पाद्री होते, डॉक्टर होते, जमीनदार होते.”

“हो, पण त्या तीन हजारांचे आकडे एकत्र का करता आले? सायमन्सने सगळ्यांना एकच नियम घालून दिले म्हणून. मापक कसं हवं, कड किती उंच, वेळ कोणती, सगळं ठरलेलं. तो नसता तर तीन हजार वेगवेगळ्या वह्या उरल्या असत्या.”

हौशी निरीक्षकांचा उपयोग अलीकडेही सिद्ध झाला आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै १९९७ मध्ये अचानक पूर आला. शहराच्या एका भागात पावसाने कहर केला होता आणि दुसऱ्या भागात तो बेताचाच होता. त्यातून १९९८ मध्ये नागरिकांनी घरोघरी एकाच प्रकारचे मापक लावून पाऊस नोंदवण्याचा उपक्रम तिथे सुरू झाला आणि पुढे तो देशभर पसरला. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांत मिळून दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईसाठी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस हा निकष लावला जातो. त्यामुळे मंडळाच्या केंद्रावर ५८ आणि चार किलोमीटरवरच्या शिवारात ९० मिलिमीटर पडला, तर तो फरक शेतकऱ्याच्या थेट पदरात येतो.

“म्हणूनच म्हणते,” भाचीचा आवाज इथे चढतो. “मंडळात एकच यंत्र. डोंगराच्या अल्याडपल्याडचं त्याला काय कळणार? गावोगाव वह्या हव्यात.”

“हव्यात. पण तुझ्या वहीवर तहसीलदार पंचनामा करणार नाही.”

“आज नाही करणार. पण दहा वर्षांच्या वह्या समोर ठेवल्या, तर केंद्र कुठल्या बाजूला हवं, एवढं तरी दाखवता येईल.”

या ठिकाणी भाचीची बाजू भक्कम आहे. केंद्रांचे जाळे कितीही दाट केले तरी सह्याद्रीच्या घाटात ते अपुरेच पडते आणि जागा कोणती निवडावी हे आधीच्या स्थानिक नोंदींवरूनच ठरवावे लागते.

खरा वाद कारणांपाशी येतो. पाठ्यपुस्तकात साधारणपणे असे असते की वारा डोंगरावर चढतो, थंड होतो, बाष्पाचे ढग बनतात आणि पाऊस पडतो. पलीकडच्या उतारावर पर्जन्यछाया. हे वाचून विद्यार्थी ‘जितकी उंची जास्त तितका पाऊस जास्त’ असे समीकरण डोक्यात ठेवतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. उंची जवळजवळ सारखी. पाऊस मात्र तिपटीने कमी-जास्त.

“बघ, पाचगणीचा आकडा नसता तर तुझं पुस्तक खोटं ठरलंच नसतं,” भाची म्हणते.

“पुस्तक खोटं नाही, अर्धवट वाचलेलं आहे. पाऊस उंचीमुळे पडत नाही, हवा वर उचलली जाते त्यामुळे पडतो. कोकणातून येणारी हवा सह्याद्रीच्या कड्यावर आदळते तिथे ती झपाट्याने वर जाते. माथा ओलांडला की पुढे पठार उंच असलं तरी हवा आणखी वर चढत नाही. बरंचसं बाष्प तोवर गळून गेलेलं असतं. मग तीच हवा वाईकडे उतरते. वाई सातशे मीटरवर, म्हणजे साडेसहाशे मीटरची उतरण. कोरडी हवा किलोमीटरभर उतरली की दहा अंशांनी तापते, म्हणजे वाईपर्यंत सहा-साडेसहा अंश. तापलेल्या हवेत ढग विरतात. वाईतून पश्चिमेकडे पाहिलं तर डोंगरावर काळंभोर आभाळ आणि डोक्यावर उघडीप, ती यामुळे.”

“आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वाईत एका दुपारी साठ-सत्तर मिलिमीटर पडतो, तेव्हा तुझी उतरण कुठे जाते?”

“तेव्हा वारा पश्चिमेचा नसतो. जमीन तापून तिथल्या तिथे ढग उभे राहतात, गडगडाट होतो. त्याचं गणित वेगळं आहे, आणि तुला तेच शिकायचं असेल तर उष्मागतिकीला पर्याय नाही.”

वाईसारख्या छायेतल्या गावांत वर्षभराच्या पावसात या गडगडाटी पावसाचा वाटा मोठा असतो, हे वहीत महिनावार बेरजा केल्या की लगेच दिसते. ते कशामुळे, हे वही सांगत नाही.

घरात आणखी एक वही आहे, आजोबांची. त्यांनी पाऊस तारखांनी लिहिलेला नाही, नक्षत्रांनी लिहिला आहे: मृग बरा, आर्द्रा कोरडी, पुष्याची झड, हस्ताचा पाऊस शेवटी. भाचीला ती वही ऐतिहासिक ठेवा वाटते. आत्या अशा गोष्टी उडवून लावील, अशी तिची समजूत आहे. ती इथे चुकते.

“अण्णांची वही फेकू नकोस,” आत्या बजावते. “पावसाची नक्षत्रं चंद्राची नाहीत, सूर्याची आहेत. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, म्हणून मृग दरवर्षी सात-आठ जूनच्या सुमारालाच लागतो. अण्णांनी लिहिलेलं प्रत्येक नक्षत्र म्हणजे तारखांचा ठरलेला पंधरवडाच. तुझ्या मिलिमीटरच्या नोंदी त्याच कालखंडांत बेरीज करून मांड, दोन्ही वह्या शेजारी ठेवता येतील.”

“आणि नक्षत्राचं वाहन? या वर्षी बेडूक, म्हणून पाऊस चांगला?”

“त्याला कारण काहीच नाही. वीस वर्षांची वाहनं आणि वीस वर्षांचा पाऊस समोरासमोर लिहून बघ. तुझं तुलाच कळेल.”

सूर्यनक्षत्रांच्या तारखा पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. दोन पिढ्यांच्या वह्या जुळवताना एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांतली अशी टिपणे हवामानाच्या अभ्यासात जवळजवळ वापरलीच गेलेली नाहीत. त्यांत आकडे नसतात हे खरे, पण पेरणी कधी झाली, दुबार करावी लागली का, ओढ किती दिवस होती, हे असते. आणि सरकारी केंद्र नसलेल्या गावात तेवढेच हाती असते.

थंडीतला एक अनुभव दोघींच्याही कामी येतो. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठते. त्याच पहाटे महाबळेश्वरचे अधिकृत किमान तापमान शून्याच्या बरेच वर असते. दोन्ही खरे असते. निरभ्र, निवांत रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. थंड हवा जड असल्याने उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. अधिकृत तापमापक मात्र वरच्या बाजूला, पेटीत, छातीच्या उंचीवर असतो. पुण्यातही हिवाळ्याच्या एकाच पहाटे शिवाजीनगर, पाषाण आणि मगरपट्टा यांच्या किमान तापमानात काही अंशांचा फरक पडतो, तो दाट वस्तीच्या उबेमुळे आणि अशाच साचलेल्या गारव्यामुळे.

“जमिनीलगत काय चाललंय ते पेटीतला पारा सांगत नाही. तिथे जाऊन मोजावंच लागतं,” भाची म्हणते.

“मग तुला रामदासांची गोष्ट माहीत हवी.”

एल. ए. रामदास पुण्यात हवामान खात्यात कृषी हवामानाचे काम करत. शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड थर जमिनीला टेकलेला असणार, हे तेव्हा गृहीत होते. रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत सर्वांत कमी तापमान जमिनीच्या थोडे वर, काही सेंटिमीटर ते हातभर उंचीवर आढळले. सुरुवातीला अनेकांनी उपकरणाला दोष दिला. पण मोजणी पुन्हा पुन्हा तशीच आली आणि त्या थराला रामदासांचे नाव मिळाले. हवेतले सूक्ष्म कण उष्णता बाहेर टाकून तो थर थंड करतात, हे स्पष्टीकरण नंतर बंगळुरूच्या संशोधकांनी पुढे आणले. त्याला अनेक दशके जावी लागली.

“म्हणजे माझंच म्हणणं खरं,” भाची. “आधी मोजणी, मग सिद्धांत.”

“रामदास हे रामन यांचे विद्यार्थी. जमिनीलगत तापमान किती असायला हवं, हे त्यांना आधीपासून माहीत होतं, म्हणून वेगळा आकडा आल्यावर ते थबकले. तुझ्या वहीत असा आकडा येऊन गेलाही असेल. तू तो लिहिलास आणि पुढच्या ओळीवर गेलीस.”

भाचीकडे याला लगेच उत्तर नाही, कारण हरकत रास्त आहे. नोंद विचित्र आहे हे कळायला अपेक्षा काय होती ते ठाऊक असावे लागते. अपेक्षा तयार करण्याचे काम अभ्यास करतो. तरीही रामदासांनी हातभर उंचीवर तापमापक टांगला नसता, तर कागदावरून तो थर कुणालाही सापडला नसता. आत्याही ते नाकारत नाही. तिचा आग्रह इतकाच की तापमापक टांगणारा आणि हिशेब मांडणारा एकच माणूस असला तर शोधाची शक्यता वाढते.

हिशेबाच्या बाजूने तिच्याकडे गिल्बर्ट वॉकर यांचे उदाहरण आहे. वॉकर केंब्रिजचे गणिती. १९०४ मध्ये ते भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले तेव्हा हवामानाचा त्यांना अनुभव नव्हता. मॉन्सूनचा अंदाज कसा करावा यासाठी त्यांनी जगभरच्या केंद्रांचे वायुदाब, तापमान आणि पाऊस यांचे सहसंबंध काढले. त्यातून १९२० च्या दशकात त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या वायुदाबाचा झोका सापडला. त्याचे समुद्राच्या तापमानाशी, म्हणजे एल निनोशी, असलेले नाते याकोब ब्यर्क्नेस यांनी १९६९ मध्ये उलगडले आणि आज एल निनोशिवाय मॉन्सूनचा अंदाज कुणी मांडत नाही.

“वॉकर मापकापाशी कधी बसले नाहीत,” आत्या म्हणते.

“पण डार्विनच्या, होनोलुलूच्या केंद्रावर कुणीतरी रोज बसत होतं. त्यांच्या नावाने काही ओळखलं जात नाही, एवढंच.”

आता अभ्यासक्रमाचा प्रश्न. भारतात हवामानशास्त्राचे खरे शिक्षण बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पातळीवर सुरू होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात आणि विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात हवामानशास्त्राची जुनी परंपरा आहे. दिल्ली आणि खरगपूरच्या आयआयटींत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्वतंत्र केंद्रे आहेत. संशोधनासाठी पुण्यातच पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, १९६२ मध्ये स्थापन झालेली. या बहुतेक दारांवर पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित, किंवा अभियांत्रिकी, असावे लागते. म्हणून अकरावीला गणित सोडून देणारा विद्यार्थी नकळत यातली बरीच दारे बंद करून घेतो. भाचीने गणित ठेवले आहे.

“मग बी.एस्सी. भौतिकशास्त्र घे. वातावरण म्हणजे फिरत्या गोलावर वाहणारा वायू. सदिश कलनाशिवाय त्याला हात घालता येत नाही.”

“मला कृषी घ्यायचंय. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पुढे कृषी हवामानशास्त्रात एम.एस्सी. करता येतं. पानावर दव किती तास राहिलं, मुळांशी ओल किती, हळदीला आणि स्ट्रॉबेरीला कधी काय सोसतं, हे मला हवंय. फिरता गोल नकोय.”

हा हट्ट नाही, आवडीचा प्रश्न आहे, आणि आवडीचा प्रश्न कोणता हे ओळखता येणे ही वहीचीच देणगी आहे. ज्याला मॉन्सून खंडित का होतो हे छळते त्याने भौतिकशास्त्र आणि गणिताकडे जावे. ज्याला शिवारातल्या ओलीची ओढ आहे त्याला कृषीची वाट जवळची, मात्र तिथे गणित स्वतःच्या हिमतीवर पुढे न्यावे लागते. भूगोलातून नकाशे आणि हवामानाचे वर्णन उत्तम शिकता येते. अंदाजाच्या प्रारूपांपर्यंत ती वाट सहसा जात नाही. संख्याशास्त्र ही वॉकर यांची वाट, आणि विद्यार्थी तिचा विचार फार कमी करतात. उपकरणांची आवड असणाऱ्याने अण्णा मणी यांचे चरित्र वाचावे. १९४५ मध्ये त्या भौतिकशास्त्र शिकायला लंडनला गेल्या, शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांच्या अभ्यासासाठी, आणि १९४८ मध्ये पुण्याला हवामान खात्यात रुजू होऊन त्यांनी देशी उपकरणांच्या निर्मितीला आणि सौरप्रारण मोजणीला आकार दिला. नोकरीच्या बाजूने पाहिले तर खात्यात वैज्ञानिक सहायक कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून घेतले जातात आणि तिथे भौतिकशास्त्र असलेली विज्ञान पदवी चालते.

“आधी भौतिकशास्त्र केलंस तर नंतर शेताकडे वळता येईल. उलटं अवघड आहे,” हा आत्याचा शेवटचा मुद्दा.

“आणि तीन वर्षं पुण्यात राहून इथली वही बंद पडली, तर ती नंतर कशी भरणार?”

या प्रश्नावर दोघी बराच वेळ अडतात, कारण तो दोन्ही बाजूंना लागू आहे. हवामानाची सरासरी ३० वर्षांच्या नोंदींवर काढतात आणि अशा मालिकेत मधली तीन वर्षे गळणे महाग पडते. आत्या स्वयंचलित मापक सुचवते: आतली छोटी पळी ठरावीक पाण्याला कलंडते आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते. भाचीची शंका अशी की मुसळधार सरीत पळी कलंडेपर्यंत पाणी वाया जाते, त्यामुळे हे मापक जोराच्या पावसात कमी दाखवते, आणि नरसाळ्यात पान अडकले तर दिवसभर शून्य. शंका बरोबर आहे. त्यावरचा उपाय वेधशाळांत रूढ आहे. जुने मापक काढायच्या आधी नवे त्याच्या शेजारी लावायचे, निदान एक पूर्ण पावसाळा दोन्ही सोबत चालवायचे आणि वहीच्या पहिल्या पानावर जागा, उंची, उपकरण आणि नोंद घेणारी व्यक्ती बदलल्याची तारीख लिहायची. म्हणजे पुढे मालिकेत अचानक घट दिसली, तर ती पावसाची की यंत्राची हे ठरवता येते. त्यांनी तसेच करायचे ठरवले. मृग लागायच्या आधी दोन्ही मापके परसात, नारळापासून चोवीस मीटरच्या पलीकडे बसवायची; सकाळी साडेआठला बाटलीचे पाणी आजी मोजणार आणि परतीचा पाऊस संपेपर्यंत दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत जाणार. प्रवेशाच्या अर्जात पहिली पसंती कोणती लिहायची, यावर मात्र दोघींचे एकमत झालेले नाही.